ॲलर्जीची गोळी चालू आहे, तरी खाज का जात नाही? वाचकांचे प्रश्न, त्वचारोगतज्ज्ञांची उत्तरं

ह्या वेळी खाजेचेच प्रश्न जास्त आलेत. पावसाळा सरत आला की सांगली-साताऱ्याकडं हे दरवर्षीचंच आहे, माझ्या ओपीडीत पण सध्या तेच चाललंय. बहुतेकांनी फिरून फिरून एकच विचारलंय, की ॲलर्जीची गोळी चालू आहे तरी फरक का पडत नाही. त्याचं उत्तर सगळ्यांना एकच देता येत नाही. आपल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींवर रिसेप्टर नावाची प्रोटीन्स असतात, बाहेरची वस्तू ओळखायची किंवा दुसऱ्या पेशीचा निरोप घ्यायचा हे त्यांचं काम, आणि तुमच्या त्रासात त्यातला नेमका कुठला रिसेप्टर चेतला गेलाय त्यावर औषध ठरतं. म्हणून प्रत्येकाचं वेगळं सांगते.

नमस्कार मॅडम. आमचे वडील ५८ वर्षांचे आहेत, द्राक्षबाग आहे आणि थोडी हळद. चार-पाच वर्षं झाली तोंडावर, मानेवर, पापण्यांवर खाज सुटते, कातडी काळी पडून जाड झालीय. बांधावरचं गवत काढलं की लईच वाढतं. रोज रात्री सेटिरिझिन घेतात, झोप लागते पण खाज हाय तशीच. एका डॉक्टरांनी गाजर गवताची ॲलर्जी सांगितली. वडील म्हणतात, मी लहानपणापासून त्याच गवतात वावरलोय, आत्ताच कशी काय होईल? आणि ॲलर्जीच असंल तर ॲलर्जीची गोळी लागू का पडत नाही?
– एक वाचक, तासगाव

तुम्ही जे लिहिलंय त्यावरून डॉक्टरांनी बरोबर ओळखलंय असं वाटतं. गाजर गवत, काँग्रेस गवत, काहीजण चटक चांदणी म्हणतात, हे १९५५ च्या सुमारास पुण्यात वाढलेलं नजरेस आलं आणि नंतर देशभर पसरलं. त्याच्या पानाखोडावर जी बारीक लव असते तिच्यात पार्थेनिन नावाचं रसायन असतं. गवत वाळलं, त्याचा चुरा झाला, तरी रसायन त्या धुळीत राहतंच, त्यामुळं वडलांनी गवताला हात नाही लावला तरी वाऱ्यानं ते तोंडावर मानेवर येऊन बसतं.

आता हे कातडीत गेल्यावर काय होतं ते जरा सविस्तर सांगते कारण वडलांच्या दोन्ही शंकांचं उत्तर त्यातच आहे. पार्थेनिनचा रेणू इतका लहान असतो की प्रतिकारशक्तीला तो एकटा असला तर कळतच नाही. तो आपल्याच कातडीतल्या प्रोटीनला घट्ट चिकटतो आणि मग ते बदललेलं प्रोटीन शरीराला परकं वाटायला लागतं. कातडीच्या वरच्या थरात लँगरहॅन्स पेशी असतात (पॉल लँगरहॅन्सनं १८६८ मधे मेडिकलला शिकत असतानाच त्या पाहिल्या, त्याला त्या मज्जासंस्थेच्या वाटल्या होत्या), त्या हे प्रोटीन उचलतात, त्याचे तुकडे करतात आणि जवळच्या, म्हणजे मानेतल्या काखेतल्या लिम्फच्या गाठींमधे नेऊन टी पेशींना (ह्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार, प्रतिकारशक्तीच्या) दाखवतात. टी पेशीवर असतो टी सेल रिसेप्टर. त्याची जनुकं १९८४ मधे सापडली आणि तेव्हा कळलं की शरीर जनुकांचे तुकडे वेगवेगळ्या पद्धतीनं जोडून कोट्यवधी प्रकारचे असे रिसेप्टर आधीच तयार करून ठेवतं, अमुक वस्तू येणार म्हणून नव्हे, कायपण आलं तरी कुठलातरी एक जुळावा म्हणून. पार्थेनिन लागलेला तुकडा ज्या टी पेशीच्या रिसेप्टरला जुळला ती पेशी वाढायला लागते, एकीच्या हजारो होतात, आणि त्या कातडीकडं येतात.

हे जुळणं कधी होईल ते सांगता येत नाही. कुणाला थोडक्या दिवसात होतं, शेतकऱ्यांमधे तर अर्धं आयुष्य गवतात गेल्यावर झालेलं मी कायम बघते. त्यामुळं "इतकी वर्षं काय झालं नाही" ह्याच्यावरून ॲलर्जी नाही असं ठरत नाही. आणि एकदा झालं की त्यातल्या काही टी पेशी त्याच जागच्या कातडीत मुक्काम ठोकतात, म्हणून पुढच्या वेळी थोडंसं जरी लागलं तरी परत पापण्या आणि मानच उठते. ही रिॲक्शन लगेच येत नाही, एक ते तीन दिवसांनी येते, म्हणजे सोमवारी बांध साफ केला तर बुधवारी तोंड सुजतं आणि मधे खाल्लेल्या मटणाला नाहीतर वांग्याला नाव जातं.

आता गोळीचं. हिस्टामिन म्हणजे खाज आणि सूज आणणारं शरीरातलंच एक रसायन, सेटिरिझिन फक्त त्याचा एच-वन हा रिसेप्टर बंद करते. वडलांच्या त्रासात हिस्टामिनचा वाटा फार थोडा आहे, तिथं टी पेशी आणि त्यांनी सोडलेली रसायनं काम करतात, त्या गोळीचा त्यांच्याशी काही संबंध येत नाही. झोप लागते ती गोळीच्या गुंगीनं. म्हणून गोळी खोटी नाही आणि निदान पण चुकलेलं नाही, ह्या त्रासाला ती गोळी नाही एवढंच.

मी पेशंट तपासताना हनुवटीच्या खाली आणि कानाच्या मागं आवर्जून बघते. नुसत्या उन्हाचा त्रास असेल तर ह्या दोन जागा, आणि वरच्या पापणीची घडी, सावलीत राहून वाचतात. हवेतनं बसणाऱ्या गाजर गवताचं तसं नाही, ते घडीत पण शिरतं. तुम्ही घरी वडलांना उजेडात बसवून बघा. खात्री करायला पॅच टेस्ट असते, पाठीवर औषधाच्या पट्ट्या ४८ तास चिकटवून ठेवतात, काढल्यावर एकदा आणि साधारण ९६ तासांच्या आसपास परत एकदा बघतात. आपल्याकडच्या पट्ट्यांच्या संचात पार्थेनियम असतंच. तेवढे दिवस पाठ भिजवायची नाही आणि घाम येईल असं काम नको, त्यामुळं छाटणीच्या घाईत करू नका. बागेतल्या फवारणीची औषधं आणि हळद, ह्यांची पण क्वचित ॲलर्जी असते, ते पण डॉक्टरांना आठवणीनं सांगा.

उपचार टी पेशीला धरून असतात. थोडे दिवस स्टेरॉइडचं मलम, पापणीसारख्या नाजूक जागी टॅक्रोलिमस, हे टी सेल रिसेप्टरनं घेतलेला निरोप पेशीच्या आत पुढं जाऊच देत नाही. लई जास्त असेल तर अझाथायोप्रिन नावाची गोळी आहे, आपल्या देशात ह्याच आजारासाठी तिचा चांगला अनुभव आहे, पण रक्त तपासत तपासतच घ्यायची असते. आणि गवत काढायचं काम घरातल्या दुसऱ्या कुणीतरी करावं, फुलावर यायच्या आत. वडलांनी पूर्ण बाह्यांचा शर्ट घालावा, शेतातनं आल्या आल्या अंघोळ, कपडे वेगळे धुवायला टाकायचे. शेवंती आणि सूर्यफूल ह्याच कुळातली, त्यांनी पण काहींना उठतं, तेव्हा दसऱ्याचे हार वडलांना ओवायला देऊ नका.

माझ्या अंगावर दोन महिने झाले पित्त उठतंय, रोज संध्याकाळी लाल गांधी येतात आणि सकाळी गायब. वांगं, तूरडाळ, दही, अंडी, शेंगदाणे सगळं बंद केलं. आमसुलाचं पाणी लावते. लॅबमधे ॲलर्जीची मोठी रक्ततपासणी केली, पंधरा-वीस पदार्थ निघाले, आता खायचं काय हाच प्रश्न आहे. वजन पण उतरलं.
– एक वाचक, सातारा

ताई, आधी जेवायला लागा. हे मी मनापासून सांगते, कारण असं एकेक बंद करत करत भाकरी-भातावर आलेल्या बायका मी बघते तेव्हा फार वाईट वाटतं.

तुमच्या गांधी मास्ट पेशींमुळं येतात. ह्या पेशी कातडीत बारीक रक्तवाहिन्यांच्या आजूबाजूला असतात आणि पोटात हिस्टामिनचे दाणे भरून तयार असतात. त्यांच्यावर एक रिसेप्टर असतो, एफसी-एप्सिलॉन-आर-वन, तो आयजीई नावाची अँटीबॉडी धरून ठेवतो, रक्तातली आयजीई दोन-तीन दिवसात निम्मी होते पण रिसेप्टरनं धरलेली कित्येक आठवडे टिकते. नुसतं धरलं म्हणून काही होत नाही. एका हातानं टाळी वाजत नाही तसंच आहे हे, शेजारशेजारच्या दोन आयजीई एकाच कणानं जोडल्या गेल्या तरच रिसेप्टर एकत्र येतात आणि पेशी मिनिटांत सगळं हिस्टामिन बाहेर टाकते.

आयजीई प्रत्यक्ष सापडली १९६० च्या दशकात, अमेरिकेत इशिझाका नवरा-बायकोनं आणि स्वीडनमधे योहान्सन आणि बेनिच ह्यांनी वेगवेगळं काम करून. पण रक्तात असं काहीतरी असतं हे त्याच्या आधीच, १९२१ मधे प्राउस्नित्झनं दाखवलं होतं, त्याच्या सहकाऱ्याला क्युस्टनरला मासे चालायचे नाहीत, त्याचं सीरम, म्हणजे रक्तातला पातळ भाग, प्राउस्नित्झनं स्वतःच्या कातडीत टोचून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला, तर तिथंच गांधी आली!

तुमच्या लॅबच्या रिपोर्टमधे जे पदार्थ "निघाले" त्याचा अर्थ त्यांच्याविरुद्धची आयजीई रक्तात सापडली, बास. ती असूनही तो पदार्थ निवांत पचवणारी माणसं भरपूर असतात. पदार्थानं खरंच उठत असेल तर तो खाल्ल्यावर साधारण मिनिटांत ते दोन तासांत उठतं आणि प्रत्येक वेळी उठतं. तुमचं रोज संध्याकाळी, काहीपण खाल्लं तरी उठतंय, आणि सहा आठवड्यांच्या वर गेलंय. ह्याला जुनाट अर्टिकेरिया म्हणतात आणि ह्यात बऱ्याच जणांत बाहेरची वस्तू कारणच नसते, शरीरानं स्वतःच्याच आयजीईविरुद्ध किंवा थेट त्या रिसेप्टरविरुद्ध अँटीबॉडी केलेली असते आणि तीच रिसेप्टर जोडते. पोटातल्या ॲसिडिटीचा इथं संबंध नाही. आमसुलाच्या पाण्यानं गार वाटत असेल तर खुशाल लावा.

तुम्हाला ॲलर्जीची गोळी लागू पडायला पाहिजे, कारण इथं हिस्टामिनचंच काम आहे. खाज आल्यावर एखादी, असं नाही, गुंगी न आणणारी गोळी रोज ठरल्या वेळी घ्यायची. पुरत नसेल तर डॉक्टर डोस चौपटीपर्यंत वाढवतात, स्वतःच्या मनानं वाढवू नका. त्यानं पण भागलं नाही तर ओमॅलिझुमॅब हे इंजेक्शन आहे, ते आयजीईलाच पकडतं, आणि धरायला आयजीई मिळाली नाही की मास्ट पेशी तो रिसेप्टर पण कमी करते. अंगदुखीला डायक्लोफेनॅक, आयब्रुफेन असलं घेत असाल तर थांबवून बघा, त्यानं काहीजणांचं भडकतं. आणि ओठ-जीभ सुजली, श्वास अडकला, चक्कर आली तर घरात थांबायचं नाही, सरळ १०८ ला फोन.

मुलगा चार वर्षांचा. कोपराच्या आणि गुडघ्याच्या घडीत एक्झिमा. रात्रभर खाजवतो, चादरीला रक्त लागतं. डॉक्टर म्हणाले पुढं लागलं तर एक नवीन इंजेक्शन आहे, रिसेप्टरवर काम करतं, महाग आहे. ते नक्की काय करतं? आणि तोपर्यंत घरी काय करू? सासूबाई डाळीचं पीठ लावून अंघोळ घालायला सांगतात.
– एक आई, कराड

पीठ आजपासून बंद, सासूबाईंना माझं नाव सांगा. एक्झिमाच्या मुलांची कातडी मुळातच गळकी असते, आतला ओलावा बाहेर जातो आणि बाहेरचं आत येतं. काही मुलांत फिलाग्रिन नावाच्या प्रोटीनच्या जनुकात दोष असतो, हे २००६ मधे कळलं. अशा फाटलेल्या कातडीवर खाण्याचा पदार्थ चोळला तर शरीराची त्याच्याशी पहिली ओळख कातडीतनं होते आणि पुढं त्या पदार्थाची खरी ॲलर्जी होऊ शकते. तोंडानं खाल्लेली डाळ वेगळी, ती त्याला बिनधास्त द्या.

कातडीच्या पेशी जखमी झाल्या की त्या टीएसएलपीसारखे निरोप सोडतात, त्यानं प्रतिकारशक्तीच्या पेशी जाग्या होतात आणि आयएल-४, आयएल-१३ बाहेर टाकतात. ही दोन्ही रसायनं ज्या रिसेप्टरवर बसतात त्यातला एक भाग दोघांत सामाईक आहे, आयएल-४ रिसेप्टर अल्फा, आणि डॉक्टरांनी सांगितलेलं इंजेक्शन बहुतेक ड्युपिलुमॅब असावं, ते नेमकं तिथं बसतं त्यामुळं एकाच औषधात दोन्ही निरोप बंद होतात. अमेरिकेत २०१७ मधे मोठ्या माणसांसाठी मंजूर झालं, २०२२ पासून सहा महिन्यांच्या बाळांपर्यंत. हाच रिसेप्टर खाज नेणाऱ्या नसांवर पण असतो, हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण त्यामुळं कातडी पूर्ण सुधारायच्या आधीच मूल झोपायला लागतं. डोळे लाल होणं हा त्याचा नेहमीचा त्रास. आयएल-३१ हे आणखी एक रसायन थेट नसांवरच्या स्वतःच्या रिसेप्टरवर बसून खाज आणतं, त्याच्यासाठी नेमोलिझुमॅब हे वेगळं औषध आलंय. सेटिरिझिननं एक्झिमाच्या मुलांना फारसा गुण का येत नाही ते ह्यावरून लक्षात येईल, ही खाज मुख्यतः हिस्टामिनची नाहीच.

पण बहुतेक मुलांना इंजेक्शनपर्यंत जावं लागत नाही. कोमट पाण्यानं थोडक्यात अंघोळ, टॉवेलनं टिपायचं, घासायचं नाही, आणि कातडी ओलसर असतानाच दोन-तीन मिनिटांत बिनवासाचं मॉइश्चरायझर भरपूर लावायचं, दिवसातनं दोनदा तरी. लाल झालेल्या जागी डॉक्टरांनी दिलेलं स्टेरॉइड मलम न घाबरता लावा. मोठ्या माणसाच्या बोटाच्या शेवटच्या पेरावर बसेल एवढं मलम साधारण अर्धा ग्रॅम होतं, तेवढं मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं. नखं कापा. पिवळी खपली, पाणी दिसलं तर दाखवा, स्टॅफ नावाचा जंतू अशा कातडीवर वाढतो, आणि २०२३ मधे असं दिसलंय की त्याचं एक एन्झाइम नसेवरच्या पार-१ रिसेप्टरला थेट चेतवून खाज आणतं, म्हणजे तो जंतू आटोक्यात आणणं हा खाजेवरचाच उपचार झाला.

मी मिरजेत नर्सिंगला आहे. वॉर्डमधे पेशंटला व्हँकोमायसिन हे अँटिबायोटिक चालू केलं आणि मान, छाती लालबुंद झाली, खाज. पहिलाच डोस होता. आधी कधी घेतलं नाही तर ॲलर्जी कशी?
– एक विद्यार्थिनी, मिरज

चांगला प्रश्न. आयजीईवाली ॲलर्जी असेल तर औषधाशी आधी ओळख झालेली लागते. मास्ट पेशीवर दुसरा एक रिसेप्टर आहे, एमआरजीपीआरएक्स-२, त्याला आयजीई लागतच नाही, काही औषधं थेट त्याच्यावर बसतात आणि हिस्टामिन सुटतं. सिप्रोफ्लॉक्सासिन, भुलीच्या वेळची स्नायू सैल करणारी काही औषधं त्यातलीच, हे २०१५ मधे उघड झालं, आणि व्हँकोमायसिन पण ह्याच वाटेनं जातं. म्हणून ते हळू सोडायचं, एक ग्रॅमला निदान एक तास. असं झालं की ड्रिप थांबवा, डॉक्टरांना बोलवा, बीपी बघा, ते सांगतील तसं नंतर कमी वेगानं बहुतेक वेळा देता येतं. केस पेपरवर नुसतं "ॲलर्जी" लिहून सोडू नका, काय झालं, किती वेगानं चालू होतं ते लिहा, नाहीतर उद्या त्या पेशंटला गरज असताना हे औषध नाकारलं जाईल.

खोट्या मंगळसूत्रानं मानेला चट्टा उठतो, खऱ्यानं नाही. काय कारण? आणि पायात काटा मोडला म्हणून आज्जीनं बिब्बा लावला तर सगळा पाय फोडांनी भरला, हे पण ॲलर्जीच का?
– एक वाचक, वाई

पहिलं निकेल. घामात ते विरघळतं आणि कातडीत जातं. २०१० मधे दिसलं की माणसाच्या टीएलआर-४ ह्या रिसेप्टरवर निकेल थेट बसतं, जिथं बसतं ती जागा उंदराच्या रिसेप्टरमधे नाही, म्हणून उंदराला ही ॲलर्जी सहजी होत नाही. हा रिसेप्टर खरा जंतू ओळखायचा, निकेलमुळं त्याची फसगत होते आणि मग टी पेशी येतात. पँटच्या बटणाखाली, घड्याळाच्या मागं पण चट्टा येतो का बघा.

बिब्ब्याचं तेल कातडी भाजतं पण आणि ॲलर्जी पण करतं. त्यातलं रसायन तेलकट असतं, आणि तेलकट पदार्थ टी पेशींना दाखवायला लँगरहॅन्स पेशींवर सीडी-१-ए नावाचं वेगळं प्रोटीन असतं, बिब्ब्याच्याच भावकीतल्या अमेरिकन पॉयझन आयव्हीवर हे २०१६ मधे दाखवलंय. काजूच्या टरफलाचं तेल आणि आंब्याचा चीक पण त्याच कुळातले, जरा जपून. फोड फोडू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि बाळाला तर बिब्बा कधीच लावू नका.

जांघेत गोल चट्टे आहेत, खाज लई. मेडिकलमधनं ट्यूब आणली, दोन दिवसात गेलं, बंद केली की परत दुप्पट. अशा चार-पाच ट्यूबा झाल्या. हीच ट्यूब कायम लावली तर चालंल का?
– एक वाचक, जत

नाही चालणार. हे बहुतेक ॲलर्जी नाहीच, गजकर्ण आहे, बुरशी. त्या ट्यूबमधे बुरशीच्या औषधासोबत क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन असतं. स्टेरॉइडचा रिसेप्टर पेशीच्या आत असतो आणि जवळजवळ प्रत्येक पेशीत असतो, त्यामुळं खाज, लाली सगळं एकदम गप होतं, पण बुरशीशी लढणाऱ्या पेशी पण गप होतात आणि ती खाली पसरत राहते. जांघेची कातडी पातळ, तिथं कायमचे पट्टे उमटतात. २०१८ पासून कातडीला लावायची बरीच स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी नाही, तरी मिळतात, ह्याचं मला रोज दुःख होतं. ट्यूब बंद करा. बंद केल्यावर काही दिवस जास्त वाढल्यासारखं वाटेल, घाबरू नका, तसंच डॉक्टरकडं जा आणि वापरलेल्या सगळ्या ट्यूबा पिशवीत घालून सोबत न्या, रिकाम्या असल्या तरी. खरवडून बुरशीची तपासणी पाच-दहा मिनिटांत होते. घरात अजून कुणाला असेल तर त्यांना पण घेऊन जा, सगळ्यांचे उपचार एकदमच झाले पाहिजेत, आणि टॉवेल प्रत्येकाचा वेगळा.